सोसायटीचं गरम पाणी आणि पार्किंगचे दिवे: आधी काय हाती घ्यावं?

पारिजात_पुणे

नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या बाजूला. सात मजल्यांच्या दोन इमारती, ५६ फ्लॅट. यंदा खजिनदारकी माझ्याकडे आल्यापासून कॉमन मीटरची बिलं बारकाईने बघते आहे. लवकरच सर्वसाधारण सभा आहे आणि तिच्यापुढे दोन विषय येणार आहेत. दोन्हींवर इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

पहिला विषय दिव्यांचा. तळघरातल्या पार्किंगमध्ये ४० ट्यूबलाइट आहेत, ३६ वॅटच्या, जुन्या चोकवाल्या. चोक धरून एक ट्यूब साधारण ४५ वॅट ओढते. तिथे दिवसाही उजेड येत नाही, त्यामुळे त्या चोवीस तास चालू असतात. म्हणजे दिवसाला ४३ युनिट, महिन्याला जवळपास १,३००. १८ वॅटच्या एलईडी लावल्या तर हाच आकडा ५२० च्या आत येतो. यावर सभेत फार वाद होईल असं वाटत नाही.

दुसरा विषय गरम पाण्याचा, आणि खरी कुरकुर तिथे आहे. बिल्डरने दोन्ही गच्च्यांवर सोलर वॉटर हीटर बसवून दिलेत, प्रत्येक इमारतीला रोज २,००० लिटर. कागदावर प्रत्येक फ्लॅटला सकाळी सत्तर लिटर गरम पाणी येतं. प्रत्यक्षात सहाव्या-सातव्या मजल्याला कढत, चौथ्याला कोमट, आणि पहिल्या मजल्यावर बादली-दीड बादली गार पाणी सोडून दिल्यावर कुठे नळ हाताला उबदार लागतो. त्यामुळे बहुतेक घरांत गीझर आलेत. आता काही सभासद म्हणताहेत की सोलर हीटर भंगारात काढा आणि अख्ख्या गच्चीवर सौर विजेचे पॅनेल टाका.

मला हे घाईचं वाटतं, आणि त्याचं कारण हिशोबात आहे. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची तर ४४० किलोकॅलरी लागतात. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला अर्धा युनिट. तेवढ्या विजेत ९ वॅटचा एलईडी बल्ब ५५ तास जळतो. चार माणसांच्या घरात चार बादल्या धरल्या तरी रोज दोन युनिट झाले. ५६ घरं गीझरवर गेली तर रोज ११२ युनिट, पार्किंगच्या दिव्यांच्या अडीचपट. पण ते कॉमन बिलात येत नाहीत, ५६ वेगवेगळ्या बिलांत वाटले जातात. म्हणून कमिटीच्या बैठकीत दिव्यांवर तासभर चर्चा होते आणि गरम पाणी 'ज्याचं त्याने बघावं' या सदरात जातं.

सोलरचं पाणी खाली का पोचत नाही हे शोधल्याशिवाय ते काढून टाकणं मला पटत नाही. कोणी असा शोध घेतला आहे का?

वायरमन_मिरज

पारिजातताई, तुमच्या पहिल्या विषयावर लिहितो. वायरिंगच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर.

एलईडी घेताना खोक्यावरचे लुमेन, म्हणजे उजेडाचं माप, बघा. एका वॅटला १०० लुमेनच्या खाली असेल तर घेऊ नका. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते त्याचं माप) ०.९ च्या वर हवा. जुन्या पट्टीत नुसती नळी बदलण्यापेक्षा पट्टीसकट काढून अख्खी एलईडी बॅटन (पट्टी आणि दिवा एकत्र असलेली) लावा. चोक ठेवून चालणाऱ्या नळ्या मिळतात, पण मग चोक आपला वाटा खातच राहतो. आणि चोक काढून त्याच पट्टीला थेट सप्लाय दिला, तर पुढेमागे एखादा पोरगा नकळत तिथे जुनी ट्यूब बसवतो आणि धोका होतो. बॅटनचे पैसे थोडे जास्त पडतात, पण ते वाचवायचे नाहीत.

दुसरी गोष्ट मीटर रूमची. एलईडी टिकत नाहीत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. पण आठ-दहा दिवे एकाच रात्रीत गेले असतील तर माल बदलण्याआधी न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या तारेचा, जोड तपासा. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सैल झाला की ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज तीनशेच्या वर चढू शकतं. चोकवाली ट्यूब ते काही काळ सोसते, एलईडीचा ड्रायव्हर सोसत नाही. लुगमध्ये (तारेच्या टोकाच्या धातूच्या टोपणात) काळी पडलेली तार दिसली तर ती कापून नवीन लुग दाबून घ्या, मीटर रूमच्या पॅनेलला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा झटका अडवणारा) लावा, मगच नवीन दिवे चढवा.

सेन्सर जरूर लावा. पार्किंगसाठी मायक्रोवेव्ह सेन्सरच्या, म्हणजे रेडिओ लहरींनी हालचाल ओळखणाऱ्या, बॅटन मिळतात. कोणी नसताना मंद जळतात, गाडी किंवा माणूस आला की पूर्ण उजेड देतात. दिवसाचे चार तास पूर्ण आणि वीस तास ५ वॅटवर धरलं तर तुमचे १,३०० युनिट दोनशेच्या आसपास येतील. जिन्यात मात्र पीआयआर सेन्सर बरा. तो अंगाच्या उष्णतेवर चालतो. मायक्रोवेव्हवाल्याला पातळ भिंतीपलीकडचं आणि लाकडी दारामागचंही कळतं, त्यामुळे लिफ्टसमोर लावला तर घरात कोणी येरझाऱ्या घातल्या तरी बाहेरचा दिवा लागतो.

चौथा_जिना

वायरमनकाका, सेन्सरबद्दल एक विनंती, आणि ती कळकळीने करते आहे. आमच्या इमारतीत जिन्याच्या सेन्सरची वेळ तीस सेकंदांवर ठेवली होती. माझ्या सासूबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरतात. मधल्या वळणावर त्या सेन्सरच्या टप्प्यात नसत आणि दिवा जाई. लिफ्ट बंद असली की त्यांना घराबाहेर पडायचीच भीती वाटायला लागली. कमिटीला सांगून वेळ तीन मिनिटं करून घेतली आणि प्रत्येक वळणावर एक ३ वॅटचा दिवा रात्रभर चालू ठेवला. त्याला किती वीज लागते? रात्रीचे बारा तास धरले तर महिन्याला एक युनिटाच्या जरा वर. तेवढं प्रत्येक सोसायटीने आनंदाने द्यावं. पार्किंगमध्येही पूर्ण अंधार नको, रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुली असतात.

वायरमन_मिरज

शंभर टक्के सहमत. म्हणूनच 'बंद-चालू'वाला सेन्सर न घेता 'मंद-पूर्ण'वाला घ्यायचा. जिन्यात वळणावळणावर सेन्सर हवा, दोन मजल्यांत मिळून एक असं करू नये. वेळेची खुंटी सेन्सरच्या मागेच असते, बसवतानाच फिरवून घ्यायची. आणि कंपाउंडच्या दिव्यांना अॅस्ट्रॉनॉमिकल टायमर लावा. तो गावाच्या अक्षांश-रेखांशावरून रोजचा सूर्योदय-सूर्यास्त काढतो. वॉचमन बदलला तरी सकाळी नऊपर्यंत दिवे जळत राहत नाहीत.

गच्ची_ठाणे

मी दुसऱ्या बाजूचा. आमच्याकडे सोलर हीटर काढून पॅनेल लावले आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. कारण सांगतो. गरम पाणी तुम्हाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी भरपूर लागतं. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या टाकीतलं साधं पाणीच इतकं तापतं की सोलरची गरज उरत नाही. पावसाळ्यात हवं असतं तेव्हा ऊन नसतं. म्हणजे गच्चीची जागा वर्षातले बरेच महिने वाया. विजेचा पॅनेल मात्र उन्हाळ्यात चांगला चालतो, आणि वीज लिफ्टला, पंपाला, दिव्यांना, कशालाही वापरता येते. उरली तर नेट मीटरिंगने (दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा होते) महावितरणकडे जमा होते.

शिवाय केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. सोलर हीटरला असं काही मिळत असेल तर सांगा.

नळजोडणी_नाशिक

गच्ची_ठाणे यांचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात जागेचा हिशोब राहिला. १०० लिटरच्या हीटरला सपाट पॅनेल लागतो सुमारे २ चौरस मीटर. चांगल्या उन्हात तो १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवतो, म्हणजे चार युनिटांचं काम करतो. एक किलोवॅटचे विजेचे पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात, पण त्यांना ये-जा करायची जागा धरून १० चौरस मीटर गच्ची लागते. पाणी तापवायचंच असेल तर साधा हीटर कितीतरी कमी जागेत ते करतो. पॅनेलची वीज गीझरच्या कॉइलमध्ये घालणं हा त्या विजेचा सगळ्यात वाईट वापर. हीट पंप असेल तर गोष्ट वेगळी. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं. वसतिगृह, हॉटेल, हॉस्पिटल अशा ठिकाणी ते फार चांगलं जमतं.

आता पारिजातताईंच्या मूळ प्रश्नाकडे. वर कढत आणि खाली कोमट, या तक्रारीची मला तीनच कारणं वारंवार सापडली आहेत, आणि एकातही सोलर पॅनेलचा दोष नसतो.

पहिलं आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे थंड पाणी गरम लाइनीत घुसणं. फ्लॅटमध्ये गीझर बसवताना प्लंबर त्याच्या इनलेटला (पाणी आत जायच्या तोंडाला) सोलरची लाइन जोडतो, म्हणजे ढगाळ दिवशी कोमट पाणी गीझरमध्ये जाऊन थोडक्यात तापेल. इथपर्यंत उत्तम. पण सोलरचं पाणी संपलं तर काय, म्हणून तो त्याच इनलेटला थंड लाइनही जोडतो आणि दोन्हींवर एकेक व्हॉल्व्ह ठेवतो. एका वेळी एकच उघडा असायला हवा. घरातल्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं, दोन्ही उघडे राहतात. वरच्या मजल्यांच्या थंड लाइनीला प्रेशर पंप असतो, गरम लाइनीला नसतो. जास्त दाबाचं थंड पाणी त्या जोडातून गरम लाइनीत शिरतं आणि खालच्या सगळ्या घरांना कोमट करून टाकतं. एका घरातला एक व्हॉल्व्ह अख्ख्या लाइनीचं गरम पाणी बिघडवू शकतो.

तपासायची रीत सोपी आहे. गच्चीवर सोलर टाकीतून खाली येणाऱ्या गरम लाइनीचा मुख्य व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. मग पहिल्या मजल्यावरच्या एका घरात गरम नळ उघडा. पाइपात साठलेलं पाणी येईल आणि धार आटत थांबेल. थांबली तर लाइन स्वच्छ. धार चालूच राहिली आणि पाणी गार असेल तर कुठून तरी थंड पाणी घुसतंय. मग डक्टमध्ये (पाइपांच्या उभ्या पोकळीत) वरच्या मजल्यापासून एकेका घराचा गरम व्हॉल्व्ह बंद करत या. ज्या घराचा व्हॉल्व्ह बंद करताच खालची धार मरते, ते घर सापडलं. तिथे गरम लाइनीवर एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) बसवा, म्हणजे पाणी उलट जाऊ शकणार नाही. एकापेक्षा जास्त घरं निघतात, म्हणून शेवटपर्यंत तपासा.

दुसरं कारण पाइपावरचं आवरण. काळा फोम उन्हाने दोन-चार वर्षांत भुगा होतो. गच्चीवर त्यावर अॅल्युमिनियमचा पत्रा हवाच.

तिसरं कारण अंतर. गच्ची ते पहिला मजला ४० मीटर पाइप असेल आणि आतला व्यास २६ मिलिमीटर, तर त्यात २१ लिटर पाणी मावतं. रात्रभरात ते गार होतं. पहिल्या मजल्यावरची ती बादली-दीड बादली हीच. यावर उपाय म्हणजे परतीची लाइन आणि छोटा फिरता पंप, पहाटे ठरावीक वेळ टायमरवर चालणारा. खर्चिक आहे, पण गरम पाण्याबरोबर रोजचं वाया जाणारं पाणीही वाचतं.

करवीर_८८

एवढी उस्तवार करण्यापेक्षा घरोघरी पाइप गॅसवर गॅस गीझर लावले तर? आमच्या भावाच्या बाथरूममध्ये आहे, झटकन गरम पाणी येतं आणि विजेचं बिलही नाही. पूर्वी आमच्याकडे परसात तांब्याचा बंब पेटायचा, सगळ्या घराच्या आंघोळी त्यावर व्हायच्या. गॅस गीझर त्याचीच सोय वाटते.

पेठेतला_डॉक्टर

करवीर_८८, आधी एक विचारतो: तो गीझर बाथरूमच्या आत आहे का? असेल तर आजच भावाला फोन करा. बंब परसात, मोकळ्या हवेत पेटायचा. बंद बाथरूममध्ये गॅस जळाला की हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो आणि ज्वलन अपुरं होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, पायातलं बळ जातं आणि दाराची कडी काढायलाही वेळ मिळत नाही. थंडीत खिडकी लावून आंघोळ करणारी धडधाकट तरुण माणसं अशी दगावली आहेत. गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर बाल्कनीत हवा आणि आत फक्त पाण्याचा पाइप यावा. बचतीच्या चर्चेत ही गोष्ट सगळ्यांच्या आधी यावी असं मला वाटतं.

करवीर_८८

आतच आहे. फोन केला, बंद करायला सांगितलंय. बाहेरच्या गॅलरीत हलवून घेईपर्यंत बादली चुलीवर तापवतील. धन्यवाद डॉक्टरसाहेब.

सह्याद्री_ते_श्टुटगार्ट

जर्मनीतून लिहितो. इथल्या जुन्या इमारतींत जिन्याचा दिवा बटणावर असतो. दाबलं की काही मिनिटं लागतो आणि आपोआप जातो. सेन्सर यायच्या कितीतरी आधीपासून हे चाललं आहे. सेन्सरचा खर्च नको असेल त्या छोट्या सोसायटीला हे सहज जमेल, बटणावर बारीक निऑन दिवा असला म्हणजे अंधारात सापडतं.

पाण्याबद्दल एक भर. इथे मध्यवर्ती टाकीतून गरम पाणी देणाऱ्या मोठ्या भाड्याच्या इमारतींना दर तीन वर्षांनी पाण्याची लेजिओनेला जंतूंसाठी तपासणी करून घ्यावी लागते. हे जंतू २० ते ४५ अंशांच्या कोमट, साठलेल्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. म्हणून टाकीतून निघणारं पाणी ६० अंशांचं ठेवतात. आपल्याकडे वीज वाचवायला टाकीचं तापमान ४०-४५ वर ठेवा असं कोणी सुचवलं तर ते करू नका. साठा कढत ठेवायचा आणि नळाशी थंड मिसळून घ्यायचं.

पारिजात_पुणे

मंडळी, तपासणी झाली. नळजोडणी_नाशिक यांची रीत जशीच्या तशी वापरली, रविवारी दुपारी, आधी सगळ्यांना सूचना लावून.

'ब' इमारतीत गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी पहिल्या मजल्यावरची धार थांबेना. पाणी गार. डक्टमध्ये प्लंबर वरून एकेक व्हॉल्व्ह बंद करत आला. सहाव्या मजल्यावरच्या एका घराशी धार अर्धी झाली, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराशी पूर्ण मेली. दोन्ही घरांत गीझरखाली दोन व्हॉल्व्ह, दोन्ही उघडे. त्या मंडळींचा काही दोष नाही, गीझर बसवून गेलेल्या माणसाने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरचे काका स्वतः म्हणाले, माझ्या खर्चाने एनआरव्ही बसवतो. दोन्हीकडे बसवून झाले. त्यानंतर दुसऱ्या मजल्यापर्यंत चांगलं गरम पाणी येतंय. पहिल्या मजल्याला अजूनही आधी एक बादली सोडावी लागते.

'अ' इमारतीत थंड पाणी घुसत नाही, पण गच्चीवरच्या पाइपावर फोम जवळजवळ उरलेला नाही. हात लावला की काळी पूड पडते.

आणि एक गोष्ट अनपेक्षित सापडली. 'अ'च्या सोलर टाकीत पावसाळ्यासाठी ३ किलोवॅटची बॅकअप कॉइल आहे, कॉमन मीटरवर. ती चालू होती, भर उन्हाळ्यात. थर्मोस्टॅट असला तरी पहाटे पाणी उतरलं आणि टाकीत गार पाणी भरलं की ती लागते, ऊन यायच्या आतच पाणी तापवून टाकते. मग सूर्याला तापवायला उरतं काय? स्विच बंद केला आहे. पावसाळ्यात लावायची तर दुपारनंतर, ऊन पडलं नाही हे बघून, टायमरवर लावावी असा माझा विचार आहे. बरोबर आहे ना?

नळजोडणी_नाशिक

अगदी बरोबर. दुपारी चारनंतर लावा, तोपर्यंत सूर्याने जे द्यायचं ते दिलेलं असतं. टाकीच्या तापमानाचा काटा चालू आहे का तेही बघा. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर सपाट पॅनेलच्या तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतात. पॅनेलला जाणारा आणि येणारा पाइप भर उन्हात हाताने तपासा. येणारा पाइप गरम लागत नसेल तर आत अडलंय, साफ करून घ्यायला हवं.

गच्ची_ठाणे

पारिजातताई, हे वाचून माझं मत थोडं बदललं. आमच्याकडे अशी तपासणी झालीच नव्हती, पाणी येत नाही एवढ्यावरच निर्णय झाला. तुमच्याकडे हीटर ठेवा. पण जिन्याच्या आणि लिफ्टच्या खोलीवरचं छप्पर मोकळं असेल तर तिथे पॅनेल बसतील, लिफ्ट-पंपापुरती वीज निघेल. दक्षिणेकडच्या टाकीची सावली पॅनेलवर पडत नाही ना हे हिवाळ्यातल्या उन्हाने तपासा, तेव्हा सूर्य खाली असतो.

पारिजात_पुणे

तसंच करणार आहोत. सभेपुढे आता एवढे ठराव मांडते: पार्किंगला मंद-पूर्ण सेन्सरच्या बॅटन, त्याआधी मीटर रूमचे जोड, 'अ'च्या पाइपांना नवीन फोम आणि पत्रा, दोन्ही इमारतींत राहिलेल्या सगळ्या घरांच्या गरम लाइनीवर एनआरव्ही, सोसायटीच्या खर्चाने. फिरत्या पंपाचा अंदाज मागवला आहे, तो पुढच्या वर्षी. सिंकिंग फंडाला (मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीला) हात लावायचा नाही, दुरुस्ती निधीतून भागतं. पुणे महापालिका सोलर चालू असलेल्या मिळकतींना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देते, ती आपल्याला मिळते का हेही ५६ जणांच्या बिलांवर तपासून घेते आहे.

कोथरूड_नवी

ताई, आम्ही नुकतेच फ्लॅटमध्ये राहायला आलोय आणि याच आठवड्यात गीझर बसवतोय. सोलरची लाइन आहे. प्लंबरला नेमकं काय सांगू?

नळजोडणी_नाशिक

चार गोष्टी सांगा. सोलरची लाइन गीझरच्या इनलेटला, तिच्यावर एनआरव्ही. थंड लाइन जोडलीच तर तिच्यावर वेगळा व्हॉल्व्ह आणि तोही एनआरव्हीसह. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह बंद करायचा नाही, त्यातून थेंब पडले तरी. आणि जाण्याआधी कोणता व्हॉल्व्ह कशाचा हे पक्क्या शाईने तिथेच लिहून द्यायला लावा.